पुढं बघणारा मुकादम

सकाळी सातच्या सुमाराला मानखुर्द स्टेशनाबाहेर पडलं की गर्दीतली बांधकामाची माणसं त्यांच्या पिशव्यांवरून ओळखू येतात. गवंड्याच्या पिशवीतून थापीचा दांडा आणि ओळंब्याची दोरी डोकावते, रंगाऱ्याच्या पिशवीवर आदल्या घराच्या भिंतीचा रंग असतो. बिगाऱ्याकडे फक्त जेवणाचा डबा. कुणाचं काम ठरलेलं असतं, तो भराभर चालतो. कुणाचं ठरलेलं नसतं, तो नाक्यावर थांबतो. दहा वाजेपर्यंत कुणी नेलं नाही, तर त्याचा त्या दिवसाचा रोज बुडाला. त्याच्या भाषेत, खाडा पडला.

हा खाडा सगळ्यांना दिसतो. दुसरा एक खाडा साइटच्या पत्र्याच्या कुंपणाआड पडतो आणि तो सहसा कुणाच्या नजरेत येत नाही. माणसाला काम मिळालेलं असतं, हजेरी लागलेली असते, पण कामच तयार नसतं.

स्लॅब भरायचा दिवस डोळ्यांपुढे आणा. सेंटरिंगवाल्यांनी टेकू लावून प्लाय ठोकला आहे, फिटरांनी सळई बांधली आहे, पंप येऊन उभा आहे. आरएमसीच्या, म्हणजे तयार काँक्रीटच्या, प्लांटवरून पहिला मिक्सर निघाला आहे. तेवढ्यात लक्षात येतं की जिन्याजवळच्या भागात विजेचे पाइप टाकायचे राहिले. इलेक्ट्रिशियनला फोन जातो, तो दुसऱ्या साइटवर आहे. मिक्सर गेटवर येतो. भारतीय मानकाप्रमाणे मिक्सरमध्ये भरलेलं काँक्रीट दोन तासांच्या आत ओतून मोकळं व्हायला हवं. ड्रम फिरत राहतो, घड्याळही. वीस माणसं गमबूट घालून, फावडी टेकवून उभी. तिसऱ्या प्रहरी सुरू झालेला स्लॅब मग रात्री दिव्याच्या उजेडात संपतो. थकलेल्या हातांनी व्हायब्रेटर कुठं लागतो, कुठं निसटतो, आणि सेंटरिंग सुटल्यावर बीमच्या पोटाला मधाच्या पोळ्यासारखी भोकं दिसतात.

त्या दुपारी रस्त्यावरून जाणाऱ्यानं डोकावून पाहिलं, तर त्याला वीस माणसं रिकामी उभी दिसतील आणि तो सहज म्हणून जाईल की मजूर कामच करत नाहीत. पण ते वीस जण काम करायलाच आलेले होते. त्यांचा खोळंबा त्या दिवशी झालाच नव्हता. तो आठ दिवस आधी झाला होता, पाइपांची आठवण कुणी तरी करायला हवी होती तेव्हा.

काम सुरू होण्याआधी त्याच्या वाटेतले अडथळे एकेक करून काढायचे, आणि मगच माणसांना हाक मारायची. या पद्धतीला आज जगभर मोठी नावं आहेत. तिची कुळकथा मात्र आपल्याकडच्या एका साध्या शब्दापासून सांगता येते. तो शब्द म्हणजे मुकादम.

तोंड कुणाकडे?

मुकादम हा मूळचा अरबी ‘मुक़द्दम’, फारसीच्या वाटेनं मराठीत आलेला. त्याच्या धातूत पुढं असण्याचा, पुढं जाण्याचा अर्थ आहे. हिंदी-उर्दूत पावलाला ‘कदम’ म्हणतात, तो शब्दही त्याच धातूचा. मुक़द्दम म्हणजे पुढं केलेला, अग्रणी. मराठेशाहीच्या कागदपत्रांत ‘मोकदम’ हा गावच्या पाटलासाठी येतो. पुढं मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, रेल्वेच्या कामावर, ऊसतोडीच्या टोळीत आणि महापालिकेच्या सफाई खात्यात हा शब्द रुळला. माणसं आणणारा, त्यांना उचल देणारा, हजेरी घेणारा, रोज वाटणारा तो मुकादम.

त्याच्या हाताखालचा ‘बिगारी’ हा शब्द फारसी ‘बेगार’ वरून आला. बेगार म्हणजे मोबदल्याविना करून घेतलेलं काम. वेठबिगारीतला बिगारी तोच. आज बिगाऱ्याला रोज मिळतो, पण नावात जुनी सक्ती राहून गेली आहे.

या दोन शब्दांतून साइटचं एक जुनं चित्र उभं राहतं. मुकादम टोळीच्या पुढं उभा आहे, पण त्याचं तोंड टोळीकडे आहे. कोण आला, कोण नाही आला, कोण बसला, कोण उठला, हे तो बघतो आहे. येणारं काम त्याच्या पाठीमागं राहिलं आहे. मला वाटतं, बांधकामाच्या आगाऊ नियोजनाचा सगळा इतिहास म्हणजे या माणसाचं तोंड कामाकडे वळवण्याचा इतिहास आहे.

आधी पाणी, मग गड

पुढचं बघून बांधायची अक्कल आपल्याकडे नवी नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे १७१५ च्या सुमाराच्या राजनीतीच्या ग्रंथात, गडकोटांवर एक प्रकरण आहे. त्यातला सल्ला आजच्या कुठल्याही साइट इंजिनियरनं वाचावा असा. आशय असा की गड बांधायचा तर आधी पाणी बघावं. जागा मोक्याची आहे, सोडता येत नाही आणि पाणी नाही, तर खडक फोडून टाकी-तळी करावीत. एखादा झरा आहे म्हणून त्यावर विसंबून राहू नये, कारण लढाईत तोफांच्या दणक्यानं झरे आटतात. म्हणून दोन-चार टाकी जास्तीची करून ठेवावीत.

यात पायरी-पायरीनं विचार आहे. काम कोणतं, त्याला अडवणारी गोष्ट कोणती, ती आधी कशी दूर करायची, आणि ती दूर करूनही ऐन वेळी काय बिघडेल. शिवाय टाकं खोदताना निघालेला दगड तटाला लागायचा. एका कामातून पाणीही मिळे आणि चिऱ्यांचा मालही.

चुन्याच्या जमान्यात आधी बघितल्याशिवाय गत्यंतरच नव्हतं. आपल्या कितीतरी गडांवर चुन्याचा घाणा आजही दिसतो, दगडात कोरलेला गोल चर आणि त्यातून फिरणारं जड दगडी चाक. भट्टीत चुनखडी भाजायची, कळीचा चुना पाण्यात विरवायचा, वाळू घालून घाण्यात मळत राहायचं. चुना मुरायला दिवस लागत. ज्या दिवशी भिंत चढवायची त्या दिवशी मसाल्याचा विचार करणाऱ्याच्या हाती काहीच लागायचं नाही. सामानच इतकं सावकाश तयार होई, की पुढचा विचार त्यानंच करायला लावला.

सिमेंट आल्यावर हे उलटलं. साध्या पोर्टलंड सिमेंटला घट्ट व्हायला सुरुवात होण्याचा किमान वेळ मानकानं तीस मिनिटं धरला आहे. चुना माणसाला आठवडाभर थांबवायचा, सिमेंट अर्ध्या तासानंतर कुणासाठी थांबेल याची हमी नाही. पुढं बघण्याची गरज वाढली, पण ते शिकवणारा घाणा गेला.

पाऊणपटीचा हिशेब

मानखुर्दच्या पूर्वेला ठाण्याची खाडी आहे. खाडीकाठच्या कोळ्यांकडे आगाऊ नियोजनाचं एक सुटसुटीत सूत्र पिढ्यान्‌पिढ्या आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे साधारण तीन वाजता भरती आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. पंचांग हातात असलं की पंधरवड्याच्या भरत्या बसल्या जागी काढता येतात.

ज्यांनी या खाडीवर पूल बांधले त्यांनाही याच पाण्याशी जुळवून घ्यावं लागलं. सत्तरच्या दशकात वाहनांचा पहिला पूल झाला. ९ मे १९९२ ला हार्बरची लोकल मानखुर्दहून खाडी ओलांडून वाशीला पोचली, तोवर मानखुर्द हे लाइनीचं शेवटचं टोक होतं. १९९७ मध्ये वाहनांचा दुसरा पूल आला आणि अलीकडे तिसरा. खाडीत पाइल घालताना तराफा कधी जागेवर न्यायचा, चिखलात उभ्या खांबाचं कोणतं काम ओहोटीच्या खिडकीत उरकायचं, हे पाणी ठरवतं. माणसं भरतीच्या वेळी बोलावली तर ती नुसती पाणी बघत बसतील. कामाचं वेळापत्रक बाहेरच्या परिस्थितीला विचारून करायचं असतं, हे जमिनीवरच्या साइटला शिकवावं लागतं. खाडी ते पहिल्याच दिवशी शिकवते.

बोरघाटातली बेचाळीस हजार माणसं

हजारोंच्या संख्येनं मजूर एका कामावर आणण्याचा मोठा अनुभव महाराष्ट्रानं बोरघाटात घेतला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा घाट चढवण्याचं काम १८५६ मध्ये सुरू झालं. मुख्य अभियंता जेम्स बर्कली, कंत्राटदार विल्यम फॅविएल. सुमारे २४ किलोमीटरचा चढ, २५ बोगदे. पावसाळ्यात काम जवळजवळ बंद पडायचं, साथी यायच्या, माणसं गावाकडं निघून जायची आणि पाऊस सरला की टोळ्या पुन्हा नव्यानं जमवाव्या लागत. १८५९ च्या जानेवारीत मजुरीवरून दंगल झाली आणि मार्चमध्ये फॅविएलनं कंत्राट सोडलं.

त्याच वर्षी सॉलोमन ट्रेडवेल नवा कंत्राटदार म्हणून आला आणि आल्यावर थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिनं कंत्राट पुढं चालवलं आणि अनुभवी अभियंत्यांच्या हाती काम सोपवलं. १८६१ मध्ये या घाटावर बेचाळीस हजारांपर्यंत माणसं होती. १८६३ मध्ये गाडी घाट चढली.

एवढ्या माणसांना कामाला लावणारी साखळी मुकादमांचीच होती. प्रत्येक टोळीचा एक मुकादम, तो माणसं आणणार, तोच रोज वाटणार. बोरघाटानं एक गोष्ट कायमची दाखवून दिली. माणसं जमवणं हे नियोजनाचं एक टोक आहे. ती आल्यावर त्यांना पाणी, हत्यारं, सुरुंगाची दारू, मोकळी जागा आणि वेळेवर मजुरी मिळणं हे दुसरं. दुसरं टोक सुटलं की पहिल्याचा काही उपयोग राहत नाही.

विटेपर्यंत वाकणारी पाठ

आता थोडं दूर जाऊ. १८८५ मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात सतरा वर्षांचा फ्रँक गिलब्रेथ गवंडीकाम शिकायला लागला. त्याच्या लक्षात आलं की शिकवणारा गवंडी एका रीतीनं वीट लावून दाखवतो, घाईत दुसऱ्या रीतीनं लावतो आणि सावकाश काम करताना तिसऱ्या. प्रत्येक विटेसाठी तो जमिनीपर्यंत वाकतो, म्हणजे दोन-अडीच किलोच्या विटेबरोबर स्वतःच्या शरीराचा भारही दर वेळी उचलतो.

गिलब्रेथनं परांची अशी केली की भिंत चढेल तशी ती वर सरकवता येईल आणि विटा गवंड्याच्या कमरेच्या उंचीवर राहतील. विटा आधीच निवडून, चांगली बाजू बाहेर ठेवून, चौकटीत रचून द्यायचं काम हाताखालच्या माणसाकडे दिलं. मसाला इतका नीट कालवायचा की वीट नुसती दाबून बसावी, थापीनं ठोकावी लागू नये. एका विटेमागच्या हालचाली अठरावरून पाचावर आल्या. फ्रेडरिक टेलरनं १९११ च्या पुस्तकात आकडे दिले आहेत. तासाला १२० विटा लावणारा गवंडी ३५० लावू लागला.

या आकड्यांत गवंड्याला घाई करायला लावलेली नाही. त्याच्या कामाआधीचं काम कुणीतरी नीट केलं, एवढंच. आपल्या साइटवर चांगला बिगारी नेमकं हेच करतो. विटा भिजवून ठेवतो, घमेलं रिकामं व्हायच्या आत दुसरं ठेवतो, गवंड्यानं मागण्याआधी हात पुढं करतो. त्याला मात्र अजून अकुशल म्हणतात.

तक्ता भिंतीवर चढला

विसाव्या शतकात पुढं बघण्याचं काम हळूहळू साइटवरून उठून ऑफिसात गेलं. हेन्री गँटच्या नावानं ओळखला जाणारा आडव्या पट्ट्यांचा तक्ता आला, ज्याला आपण बारचार्ट म्हणतो. त्या काळाचा कळस म्हणजे न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट इमारत. मार्च १९३० मध्ये बांधकाम सुरू झालं आणि १ मे १९३१ ला उद्‌घाटन. १०२ मजले, ४१० दिवस. शहराच्या मधोमध सामान साठवायला जागाच नव्हती. म्हणून प्रत्येक ट्रकची वेळ ठरलेली, मजल्या-मजल्यावर छोटे रूळ टाकलेले आणि त्यावरून ढकलगाडीनं विटा-मसाला थेट कामाच्या जागी.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस ड्युपाँ कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी क्रिटिकल पाथ पद्धत मांडली. हजारो कामांची साखळी संगणकावर बसवायची आणि कोणत्या कामाला उशीर झाला तर सगळा प्रकल्प लांबेल, ते काढायचं. ही पद्धत मोलाची आहे, आजही मोठ्या प्रकल्पाचा कणा तीच असते.

पण तक्ता जसा मोठा झाला तसा तो कामापासून दूर गेला. तक्त्यावर लिहिलेलं असतं की या आठवड्यात सहाव्या मजल्याचा स्लॅब भरला पाहिजे. भरता येईल का, हे तक्ता विचारत नाही. ज्याला ते ठाऊक आहे तो मुकादम खाली परांचीवर असतो आणि तक्ता वर एसीच्या खोलीत. मजल्यावर प्लेटी कमी आहेत, लिफ्ट शनिवारी दुरुस्तीला जाणार आहे, दोन फिटर गावाला निघालेत, हे त्याला माहीत असतं. त्याला कुणी विचारलेलं नसतं.

शेवटचा नियोजक

१९९२ मध्ये फिनलंडचे लौरी कोस्केला यांनी स्टॅनफर्डमध्ये असताना एक अहवाल लिहिला. जपानी मोटार कारखान्यांत जन्मलेला उत्पादनाचा विचार बांधकामाला लावता येईल का, हा त्याचा विषय. पुढच्याच वर्षी फिनलंडमधल्या एस्पो इथं या विचाराच्या अभ्यासकांची पहिली परिषद भरली. त्याच वर्तुळातले अमेरिकन ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांनी एक अगदी साधी मोजणी केली. या आठवड्यात ही ही कामं करू असं साइटवर ठरतं, त्यातली आठवड्याअखेर खरोखर किती पुरी होतात? उत्तर आलं, साधारण निम्मीच.

आणि राहिलेल्या निम्म्यांची कारणं बघितली तर मजुरांचा आळस फारसा सापडत नव्हता. सामान आलं नाही, नकाशा बदलला, आधीच्या टोळीचं काम संपलं नाही, जागा मोकळी झाली नाही, अशीच कारणं होती.

मग त्यांनी बांधणी उलटी केली. कामाचा अखेरचा निर्णय जो घेतो, म्हणजे ‘उद्या तू इथं, तू तिथं’ असं जो सांगतो, तोच शेवटचा नियोजक. ऑफिसचा तक्ता त्याला सांगेल काय करायला हवं. काय करता येईल ते तो बघेल. त्यातून काय करतो ते तो शब्द देऊन सांगेल. आणि आठवड्याअखेर काय केलं ते सगळ्यांसमोर मोजलं जाईल. या पद्धतीचं नाव लास्ट प्लॅनर. १९९७ मध्ये बॅलार्ड-हॉवेल यांनी अमेरिकेत त्यासाठी संस्था काढली आणि २००० मध्ये बॅलार्ड यांनी बर्मिंगहॅम विद्यापीठात त्यावर प्रबंध सादर केला. २०१८ मध्ये या अभ्यासकांची वार्षिक परिषद भारतात, चेन्नईला भरली.

हा शेवटचा नियोजक म्हणजे कोण? आपला मुकादम. तीनशे वर्षांच्या फेऱ्यानंतर जगानं त्याला पुन्हा पुढं केलं, आणि या वेळी तोंड कामाकडे करून.

सात गोष्टी

कोस्केलांनी १९९९ मध्ये लिहिलं की बांधकामातलं कुठलंही काम सुरू व्हायला सात गोष्टी एकाच वेळी एकाच जागी लागतात. साइटच्या भाषेत त्या अशा: नकाशा, माल, माणसं, हत्यारं आणि मशिनरी, जागा, आधीचं काम पुरं झालेलं, आणि बाहेरची परिस्थिती, म्हणजे पाऊस, परवानगी, रस्ता. आता समजा, यातली प्रत्येक गोष्ट वेळेवर असण्याची खात्री शंभरात पंच्याण्णव आहे. ऐकायला भरवशाचं वाटतं. पण सातही एकदम असण्याची शक्यता गुणाकारानं निघते, आणि ती सत्तराच्या खाली-वर येते. म्हणजे काही वाईट घडलं नाही तरी दहांतली तीन कामं अडणार. एकेका माणसाला दोष देऊन हा हिशेब बदलत नाही. सातही गोष्टी आधी बघितल्या तरच बदलतो.

म्हणून सहा आठवडे पुढचं बघायचं. वर सांगितलेला सहाव्या मजल्याचा स्लॅबच घ्या. सहा आठवडे आधी विचारायचं, नकाशात शेवटचा बदल झाला का, विजेचे आणि पाण्याचे पाइप कुठून जाणार हे पक्कं झालं का. चार आठवडे आधी सळईची ऑर्डर आणि तिच्या चाचणीचा कागद. तीन आठवडे आधी पंप, आरएमसीची वेळ, गर्दीच्या तासांत अवजड गाड्यांना असलेली बंदी, त्यातून मिक्सर कधी येऊ शकतात. दोन आठवडे आधी खालच्या मजल्याच्या टेकूंचा हिशेब. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू साधारणपणे सात दिवस काढता येत नाहीत, त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवस. ते सुटल्याशिवाय वरच्या मजल्याला टेकू कुठून आणणार? एक आठवडा आधी फक्त एकच प्रश्न उरायला हवा, कोण किती माणसं आणणार.

मग आठवड्याची बैठक. सेंटरिंगचा मुकादम, फिटरांचा मुकादम, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, गवंड्यांचा मिस्त्री, सगळे एका फळ्यासमोर उभे. प्रत्येकानं आपलं काम स्वतःच्या तोंडानं सांगायचं. सेंटरिंगवाला म्हणतो, गुरुवारी संध्याकाळी देतो. फिटर विचारतो, जिन्याचा भाग बुधवारी मिळेल का, तिथं वेळ जास्त लागतो. इलेक्ट्रिशियन म्हणतो, तळाची जाळी झाली की मला अर्धा दिवस द्या, वरची जाळी त्यानंतर बांधा. हे तिघं एकमेकांशी बोलले की सुरुवातीला सांगितलेली ती दुपार उगवतच नाही. आणि शब्द देता येत नसेल तर ‘नाही जमणार’ म्हणायची मुभा त्यांना हवी. नाही म्हणता येत नाही अशा ठिकाणी दिलेल्या होकाराला किंमत नसते.

आठवड्याअखेर मोजणी होते. दहा कामं सांगितली, सहा झाली, तर साठ टक्के. ‘जवळजवळ झालंय’ हे झालेल्यात धरायचं नाही, कारण पुढच्या टोळीला जवळजवळ झालेल्या कामावर उभं राहता येत नाही. न झालेल्या चारांची कारणं लिहायची. शिवाय एखादं तयार काम हाताशी राखून ठेवायचं, म्हणजे पाऊस आला तर टोळी आतलं काम करील, घरी जाणार नाही.

रविवारचा मेगाब्लॉक

यातलं काही मुंबईकराला परकं नाही. हार्बरचा रविवारचा मेगाब्लॉक हा याच विचाराचा आपल्या घरातला धडा आहे. चार-पाच तास गाड्या बंद. तेवढ्यात रूळ, स्लीपर, ओव्हरहेड वायर यांचं काम उरकायचं. गाड्या बंद झाल्यावर खिळा आणायला कुणाला पाठवता येत नाही. म्हणून स्लीपर आदल्या दिवसांत रुळाच्या कडेला येऊन पडलेले असतात, माणसांची वाटणी झालेली असते, मशीन कोणत्या गाडीमागून येणार हे ठरलेलं असतं.

२०२४ च्या ३१ मे पासून २ जूनपर्यंत मध्य रेल्वेनं ठाण्याला ६३ तासांचा ब्लॉक घेतला. पाच नंबरचा फलाट रुंद करायचा होता आणि त्यासाठी आधी रूळ सरकवायचे होते. फलाट जागेवर ओतत बसले असते तर तेवढ्या तासांत तो वाळलाही नसता. म्हणून काँक्रीटचे पोकळ ठोकळे आधीच ओतून तयार ठेवले होते. त्या तीन दिवसांत लाखो प्रवाशांचे हाल झाले, ते विसरता येणार नाहीत. पण ते हाल ६३ तासांवर थांबले, ते आधीच्या कित्येक आठवड्यांच्या कामामुळे.

तीच गोष्ट डोक्यावरून जाणाऱ्या पुलांची. जून २०१४ मध्ये ईस्टर्न फ्रीवे घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडपर्यंत पोचला. त्याच्या उन्नत भागात आधी ओतून ठेवलेले तुकडे वर चढवून जोडले आहेत. या पद्धतीत पुढचा तुकडा ओतताना आधीच्या तुकड्याची बाजूच साचा म्हणून वापरतात, म्हणजे दोघं एकमेकांत चपखल बसतात. फ्रान्समध्ये १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ज्याँ म्युलेर यांनी शुआझी-ल-रुआ इथल्या पुलावर ही रीत रुळवली. खांब उभे राहत असताना यार्डात तुकडे तयार होत असतात. कोणता तुकडा कोणानंतर चढणार हे तो ओतायच्या दिवशीच ठरतं. आता मानखुर्दजवळच्या मंडाळ्यात मेट्रो २ब ची कारशेड आहे, आणि तिथून डी. एन. नगरपर्यंत सुमारे २३.६ किलोमीटरचा मार्ग आखला आहे. ज्या शहरात सामान उतरवायला हातभर जागा नाही, तिथं आधी ठरवून आणलेलं सामानच कामी येतं.

नव्वद दिवस

आता पुन्हा नाक्याकडे येऊ, कारण ही सगळी कथा अखेर तिथल्या माणसासाठी आहे. गती वाढली, इमारत लवकर झाली, कंत्राटदाराचं व्याज वाचलं, हे सगळं ठीक. पण उक्त्यावर काम करणारी टोळी ज्या दिवशी खोळंबते त्या दिवशीची मजुरी तिच्याच खिशातून जाते. रोजंदारीवरच्याला ‘माल नाही, उद्या ये’ म्हटलं की त्याचा दिवस जातो आणि तिकिटाचे पैसेही. नियोजनातली चूक वरच्या खोलीत होते आणि तिचा दंड खाली भरला जातो.

१९९६ च्या इमारत व इतर बांधकाम कामगार कायद्यापासून चालत आलेल्या अटीप्रमाणे कल्याणकारी मंडळात नाव नोंदवायला मागच्या बारा महिन्यांत किमान नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचं दाखवावं लागतं. त्या नोंदणीवर मुलांच्या शिक्षणाचं, आजारपणाचं सहाय्य अवलंबून असतं. वर्षातले नव्वद दिवस ऐकायला थोडे वाटतात. नाक्यावर उभं राहून, खाडे पडत, साइट बदलत ते जमवणं आणि त्याचा दाखला मिळवणं किती अवघड असतं, ते नाक्यावरच कळतं. सहा आठवडे पुढचं ठरवणारी साइट त्याच माणसाला सलग दिवस देऊ शकते. आजच्या दिवसापुरतं बघणारी साइट त्याला रोज नव्यानं नाक्यावर उभं करते. म्हणून आगाऊ नियोजन हा मला व्यवस्थापनाइतकाच न्यायाचा विषय वाटतो. माणसाला हाक मारली की काम तयार असलं पाहिजे. त्याच्या दिवसाला मान देण्याची ही पहिली अट आहे.

त्यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. एक फळा, एक खडू आणि मुकादमाला विचारायची तयारी पुरते. बैठकीत पहिल्या आठवड्यात तो बहुधा गप्प राहील, कारण आजवर त्याला हजेरीखेरीज काही विचारलेलंच नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तो बोलेल. आणि एखाद्या संध्याकाळी काम सुटल्यावर तो जिन्यावरून खाली न येता आणखी एक मजला वर चढेल, उद्याच्या जागेवर उभा राहील, सळईचा भारा मोजेल, टेकू हलवून बघेल, जिन्याजवळ पाइप आले आहेत का ते वाकून बघेल. खाली टोळी हातपाय धुऊन त्याची वाट बघत असेल. मग तो खाली येऊन प्रत्येकाला सांगेल, उद्या सातला या, काम आहे.